व्हिसाचा रकाना

‘वेळ जावा म्हणून नोकरी करता ना?’ असं कुणी विचारलं, की प्रमिलावहिनींच्या कपाळाला आठी पडायची. आणि शारजात हे विचारणारे काही थोडेथोडके नव्हते हो! नवरा कमावतोय, फ्लॅटला एसी आहे, मुलगा वेद चांगल्या शाळेत आहे. मग बाईमाणसाने दुपारची झोप सोडून रोल्ला बाजारातल्या साडीच्या दुकानाच्या डोक्यावर जाऊन पोरींना टायपिंग कशाला शिकवावं, असं सगळ्यांना वाटायचं. वहिनी वाद घालायच्या नाहीत. चष्मा नाकावर सारायच्या आणि म्हणायच्या, “चहा टाकू का?”

आता खरं सांगायचं तर या बाईने मुंबईला स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि लग्नाआधी एका संशोधन संस्थेत कामगारांच्या पाहण्या केल्या होत्या. खांद्याला शबनम, हातात पॅड, आणि घरोघर बेल वाजवत फिरायचं. कुठे काम करता, ते कसं मिळालं, सुटलं तर का सुटलं? काही लोक दारातूनच हाकलायचे, काही पाणी द्यायचे, काही बोलता बोलता रडायचे. वहिनींना त्या कामाचं वेडच होतं. मग सुजीतशी लग्न झालं, त्याला अबुधाबीजवळच्या मुसफ्फात फॅब्रिकेशन कंपनीत नोकरी लागली, आणि त्र्याण्णव साली वहिनी नवऱ्याच्या व्हिसावर शारजात येऊन दाखल झाल्या.

इथे बेल वाजवायला दारच नव्हतं. कामगार राहायचे कॅम्पात, तिथे एकट्या बाईने जायची सोय नाही. कंपन्यांना घरचा पत्ता नाही, पी.ओ. बॉक्सचा एक नंबर तेवढा. कुठल्या कामाला मागणी आहे, कुठलं काम बंद पडतंय, हे सगळं ज्ञान ज्याच्या त्याच्या मेव्हण्याकडे! “आमचा मेव्हणा म्हणतो, अकाउंट्सला फार स्कोप आहे,” असं कुणीतरी शुक्रवारी जेवताना म्हणायचं, आणि शनिवारी पोरगं अकाउंट्सच्या क्लासला. वहिनींचा जीव खालीवर व्हायचा. पोरांची आयुष्यं काय मेव्हण्याच्या भरवशावर टाकायची असतात?

ज्या इन्स्टिट्यूटमध्ये त्या शिकवत, तिचे मालक खैरुद्दीनभाई मूळचे दापोलीकडचे. माणूस दिलदार, पण तोंडाने फटकळ. दोन हजार सालच्या सुमाराला त्यांनी हौसेने ऑफिसातल्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून घेतलं आणि त्यांना स्वतःला ते चालवता येईना, म्हणून वहिनींच्या ताब्यात दिलं. त्या दुपारी वहिनींना नोकऱ्यांची पहिली वेबसाइट दिसली. दुबई, शारजा, अबुधाबी. सेक्रेटरी, सेल्समन, वेल्डर, नर्स. एका पानाखाली दुसरं पान, दुसऱ्याखाली तिसरं. बाकीचे लोक तिथे आपला बायोडेटा टाकायला जात. वहिनींना मात्र ओळीने उभी असलेली दारं दिसली. एवढी दारं, आणि एकही कुत्रं अंगावर येत नाही!

झालं, वहिनींच्या अंगात जुनं वारं शिरलं. दुपारी रोल्लातली दुकानं शटर ओढून झोपी जात, तेव्हा त्या कॉम्प्युटरपुढे बसत आणि एकेक जाहिरात एक्सेलच्या रकान्यांत उतरवून घेत. काम कोणतं, गाव कोणतं, अनुभव किती, शिक्षण काय. तोवर टेलिफोनची लाइन अडकलेली. सुजीत आठवडाभर मुसफ्फातच कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. त्याचा दुपारचा फोन कधी म्हणून लागेना.

“वहिनी, गिऱ्हाइकं फोन करून करून थकली,” खैरुद्दीनभाई कुरकुरायचे. “तासाचे इतके दिरहम जातात, म्हणजे आपले रुपये किती झाले, बोला!”

“भाई, याचं काय होतं ते बघा तरी,” वहिनी म्हणायच्या आणि मान वर न करता टाइप करत राहायच्या.

काही महिन्यांनी वहिनींनी एक रंगीत आलेख छापला आणि इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर लावला. ‘यूएईत मागणी कुणाला?’ सगळ्यात उंच खांब सेक्रेटरीचा. इतका उंच, की बाकीचे त्याच्या गुडघ्यालाही लागेनात. बघता बघता बातमी पसरली. मेव्हण्यांचा जमाना संपला, आता वहिनींकडे पुरावा होता! सेक्रेटरियल कोर्सला अशी झुंबड उडाली, की खैरुद्दीनभाईंनी जिलेबी वाटली आणि फोनबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

त्या झुंबडीत मुग्धा होती. वहिनींच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुरेशभावजींची मुलगी. भावजी एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. मुग्धा शारजातच जन्मली, शारजातच शिकली, नुकतीच घरबसल्या बी.कॉम. झाली होती. मराठी समजायचं सगळं, पण उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत. आणि भावजींच्या कंपनीने सांगून ठेवलं होतं, की येत्या उन्हाळ्यात इथली शाखा बंद. म्हणजे भावजींचा व्हिसा रद्द, आणि वडिलांच्या व्हिसावर असलेल्या मुग्धाचाही. तोवर तिला स्वतःच्या नोकरीचा व्हिसा मिळाला तर ती राहणार. नाहीतर आईबाबांबरोबर ठाण्याला परत. आता ‘परत’ म्हणजे काय हो? जी पोरगी तिथून कधी निघालीच नाही, ती परत कशी जाणार? ती रोल्लातल्या गल्ल्या डोळे मिटून फिरायची, आणि ठाण्याला गेली की तिसऱ्या दिवशी आजारी पडायची.

“वहिनी, तुमचा तो आलेख बघून फी भरली,” भावजी म्हणाले. “आता तुमच्या भरवशावर.”

“बिनघोर राहा,” वहिनी म्हणाल्या. त्यांना तेव्हा खरोखरच कसली शंका नव्हती.

मुग्धा हुशार निघाली. कोर्स संपला, अर्ज सुरू झाले, आणि इंटरव्ह्यूची बोलावणीही पटापट आली. पण नोकरी काही मिळेना. दिवाळी झाली, हिवाळा सरला, एसी पुन्हा सुरू झाले. एकदा दुबईहून ती थेट इन्स्टिट्यूटमध्ये आली आणि फाइल टेबलावर आपटून रडायलाच लागली.

“काकू, दे ऑल आस्क मी द सेम थिंग!”

“काय विचारतात?”

“टायपिंग नाही, शॉर्टहँड नाही. फक्त, आर यू ऑन फादर्स व्हिसा? मी म्हणते हो, पण जूनपर्यंत. दे से सॉरी. दॅट्स इट. खलास!”

वहिनींनी पोरीला पाणी दिलं, घरी पाठवलं, आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. सेक्रेटरीच्या जाहिराती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उघडल्या. शेवटची ओळ, जी त्या आजवर वाचून सोडून देत होत्या, ती आता बोटाने वाचू लागल्या. ‘फादर ऑर हजबंड व्हिसा प्रिफर्ड.’ पुढची. तेच. त्याच्या पुढची. तेच! सरळ अर्थ असा, की बाई आपला व्हिसा घरून घेऊन येईल तर बरं, आम्ही काढून देणार नाही. आणि एवढ्या ढळढळीत ओळीसाठी वहिनींनी रकानाच केला नव्हता.

का केला नव्हता? इथेच सगळी मेख होती. वहिनी स्वतः नवऱ्याच्या व्हिसावर. ती ओळ आली की त्यांना वाटायचं, बघा, आपल्यासारख्यांची किती सोय बघतात! मुंबईच्या पाहणीत हा प्रश्नच नव्हता, म्हणून इथेही सुचला नाही. ज्याचा जाच आपल्याला नाही, ते डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसलं नव्हतं. वहिनींना स्वतःचा असा राग आला, की कान गरम झाले.

राग आला तरी काम सोडणारी बाई ती नव्हे. जाहिरातींच्या तळाचे पी.ओ. बॉक्स आणि फॅक्सचे नंबर त्यांनी शेजारी शेजारी लावले. आणि तो उंच खांब त्यांच्या डोळ्यांदेखत खचायला लागला. एकच जागा चार एजंटांनी चार नावांनी टाकलेली. तीच जागा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टाकलेली. कारण वडिलांच्या व्हिसावरची मुलगी लग्न झालं की जाते, वडील गेले की जाते, आणि खुर्ची परत रिकामी. वहिनींनी जाहिराती मोजल्या होत्या, नोकऱ्या मोजल्याच नव्हत्या. आणि त्या ढिगात एक बॉक्स नंबर फारच ओळखीचा निघाला. खैरुद्दीनभाईंचा! इन्स्टिट्यूटला रिसेप्शनिस्ट हवी. फादर ऑर हजबंड व्हिसा प्रिफर्ड.

खैरुद्दीनभाई दुपारची झोप काढून जांभया देत वर आले, तेव्हा वहिनी खुर्चीवर चढून बोर्डावरचा आलेख काढत होत्या.

“अहो, अहो! हे काय?”

“भाई, हा खोटा आहे. आपण पोरींना रांगेत उभं करतोय, आणि रांगेच्या टोकाला खिडकीच नाही.”

भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावून बसले. “वहिनी, पुढची बॅच भरलीय. तुम्ही माझं दुकान बसवणार.”

“आणि ही बघा तुमची जाहिरात.”

भाईंनी पडद्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. “सगळेच असं लिहितात,” ते पुटपुटले. “मी पण लिहिलं. डोकं कुठे चालवलं?” माणूस फटकळ असला तरी निगरगट्ट नव्हता. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “मग आता पोरींना सांगायचं काय?”

“खरं सांगायचं.”

त्या शुक्रवारी बिल्डिंगमधल्या एका घरी मराठी मंडळी जमली होती. साबुदाण्याची खिचडी, ताक, गप्पा. वहिनी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मी चुकले. तो आलेख विसरा. सेक्रेटरीच्या जागा आहेत, पण ज्या मुलीला स्वतःचा व्हिसा हवा, तिच्यासाठी जवळजवळ नाहीत. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.” हे बोलायला काय छाती लागते, ते अशा जमावात तोंडावर आपटलेल्या माणसालाच कळतं! कुणी ताकाचा पेला खाली ठेवला. कुणी म्हणालं, “त्यापेक्षा आमचा मेव्हणा बरा होता,” आणि लोक हसले. सुरेशभावजी मात्र हसले नाहीत.

“वहिनी,” ते म्हणाले, “माझे तीनच महिने उरलेत हो.”

ते ऐकून वहिनींना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. दुसऱ्या एखाद्या बाईने त्या दिवसानंतर कॉम्प्युटरचं तोंड बघितलं नसतं. प्रमिलावहिनी शनिवारी दुपारी पुन्हा तिथेच. या वेळी पहिला रकाना व्हिसाचा. वडिलांचा, नवऱ्याचा, कंपनीचा. कामाचं नाव दुय्यम. एका बॉक्स नंबरची एकच जागा धरायची, आणि शंका आली तर फोन करून विचारायचं. “हॅलो, ही नोकरी खरंच आहे का? व्हिसा कोण देणार?” पलीकडचे लोक आधी चक्रावायचे, मग सांगायचे. जुन्या दिवसांतली बेल अशी पुन्हा वाजू लागली.

हळूहळू चित्र दिसू लागलं. अजिबात उंच नाही, पण खरं. एका कामाच्या जाहिराती थोड्याच होत्या, पण प्रत्येकीचा बॉक्स वेगळा आणि जवळजवळ प्रत्येकीत व्हिसा कंपनीचा. महिनोन्महिने तशाच पडून, कारण अर्ज करायला कुणी नाही. काम होतं ‘डॉक्युमेंट कंट्रोलर’, आणि बहुतेक जागा मुसफ्फात.

गुरुवारी सुजीत घरी आला, बूट काढतोय न काढतोय तोच वहिनींनी विचारलं, “अहो, डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणजे काय करतो?”

“कशाला आठवण काढतेस! आमच्याकडे माणूस मिळत नाही म्हणून नाकी नऊ आलेत. अगं, एका पाइपलाइनची शेकडो ड्रॉइंग्ज येतात. क्लायंट बदल सुचवतो, मग त्याच ड्रॉइंगची नवी आवृत्ती येते. वर्कशॉपमध्ये चुकून जुनी गेली, तर अख्खं लोखंड चुकीचं कापलं जातं. कुठला कागद नवा, कुणाकडे गेला, जुना परत आला का, हे डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस हवं असतं.”

“मुलगी चालेल?”

सुजीत बूट हातात धरून विचारात पडला. “न चालायला काय झालं? आजवर कुणी आलीच नाही.”

वहिनींनी सुजीतला वेठीला धरलं. तो दर गुरुवारी जुन्या, रद्द झालेल्या ड्रॉइंग्जची गुंडाळी घेऊन येऊ लागला. इन्स्टिट्यूटमध्ये नवा वर्ग सुरू झाला. मुग्धा आधी वैतागली, मग तिला त्यात गंमत वाटू लागली. दोन सारख्या दिसणाऱ्या कागदांतला एवढासा फरक ती चटकन पकडायची. अडले ते सुरेशभावजी.

“मुसफ्फा? वहिनी, तिथे वर्कशॉपं आणि लेबर कॅम्प. माझी मुलगी तिथे?”

“चला, बघूनच येऊ,” वहिनी म्हणाल्या. “न बघता मी एकदा बोलून बसले आहे. पुन्हा नाही बोलणार.”

मुग्धाला एका कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा सुजीतच्या गाडीतून सगळे निघाले. मुसफ्फात धूळ होती, वेल्डिंगच्या ठिणग्या होत्या, रस्त्यांवर कंपन्यांच्या बसची रांग होती. ऑफिस मात्र साधं, स्वच्छ, आणि अकाउंट्समध्ये बसलेली एक फिलिपिनो बाई बघून भावजींचे खांदे जरा खाली आले. इंटरव्ह्यू घेणारे पिकल्या केसांचे इजिप्शियन इंजिनिअर होते. त्यांनी दोन ड्रॉइंग्ज मुग्धापुढे सरकवली.

“यल्ला, चल सांग, कुठलं वर्कशॉपला पाठवशील?”

मुग्धाने दोन्ही नीट पाहिली. “सर, कुठलंच नाही. दोन्हींवर सही नाहीये.”

ते हसले. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, “व्हिसा?”

काचेच्या उघड्या दारापलीकडे बसलेल्या वहिनींनी साडीचा पदर मुठीत आवळला. भावजींनी मान खाली घातली. मुग्धाने एकदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, वडिलांचा जूनमध्ये संपतोय. आय नीड युअर व्हिसा.”

“अर्थात आमचाच!” इंजिनिअरसाहेब गोंधळून म्हणाले. “हबीबती, अगं पोरी, काम आमचं करणार, मग व्हिसा दुसऱ्या कुणाचा?”

जूनमध्ये आईबाबा ठाण्याला गेले, आणि त्यांना विमानतळावर पोचवायला मुग्धा गेली. कंपनीने मुलींच्या वसतिगृहात जागा दिली होती. गुरुवारी संध्याकाळी सुजीतच्या गाडीतून ती शारजाला यायची आणि हक्काने वहिनींच्या घरी जेवायची. नव्या वर्गातल्या इतरही काही मुली मार्गी लागल्या. काही नाही लागल्या, आणि त्यांची नावं वहिनी कधी विसरल्या नाहीत. खैरुद्दीनभाईंनी जाहिरातीतली ती ओळ खोडली आणि इन्स्टिट्यूटच्या व्हिसावर रिसेप्शनिस्ट ठेवली. “वहिनी, तुमचा पण काढू?” त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, “माझं अडलेलं नाही. पुढच्या पोरीसाठी ठेवा.”

दीड वर्षाने हिवाळ्यात मुग्धाने आईबाबांना बोलावून घेतलं. व्हिजिट व्हिसाचा अर्ज तिच्या नावाने, सही तिची, आणि व्हिसा कंपनीच्या माणसाने धावपळ करून काढून दिलेला. शारजाच्या विमानतळावर प्रमिलावहिनी, सुजीत, वेद आणि मुग्धा उभे होते. पाहुण्यांसाठी वहिनींनी फुलांचा गुच्छ आणला होता, तो वेदच्या हातात.

मुग्धाच्या आईला घेऊन सुरेशभावजी बाहेर आले. केस पांढरे झाले होते, हातात व्हिसाचा गुलाबी कागद होता. त्यांनी तो आधी वहिनींनाच दाखवला.

“वाचा वहिनी. इतकी वर्षं पोरगी माझ्या व्हिसावर होती. आज मी पोरीच्या व्हिसावर आलोय. तुमच्या त्या रकान्यात बसतं का हे?”

“नाही बसत,” वहिनी म्हणाल्या. “वाढवावा लागेल.”

वेदने गुच्छ पुढे केला. भावजींनी तो घेतला, आणि वळून मुग्धाच्या हातात दिला.

“अंकल, दॅट्स फॉर यू!” वेद ओरडला.

“असू दे रे,” भावजी म्हणाले. “मला इथे आणलंय तिने.” मुग्धा तर “बाबा, प्लीज” म्हणत त्यांच्या गळ्यातच पडली. प्रमिलावहिनींनी चष्मा काढला आणि त्या भर विमानतळावर ढसाढसा रडल्या. कुणी बघतंय का, याची त्यांना जराही फिकीर नव्हती.